कनेक्शन ज्याच्या नावावर

बेलफोर हे पूर्व फ्रान्समधलं शहर, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार लांब नाही. सप्टेंबर २०१२मध्ये तिथल्या पोलीस न्यायालयात एक कारागीर उभा राहिला. वय चाळिशीच्या आसपास, घटस्फोटाचं प्रकरण चालू. त्याच्या घरच्या इंटरनेटवरून रिहाना या गायिकेची गाणी बेकायदा उतरवली गेली होती, आणि नोटिसा येऊनही प्रकार थांबला नव्हता. तो म्हणाला, मला डाउनलोड करताच येत नाही. गाणी घेतली ती पत्नीनं. पत्नीनंही ते कबूल केलं. ऐकणाऱ्याला वाटेल, खटला इथंच मिटला असणार. पण कनेक्शन त्याच्या नावावर होतं, आणि घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक होतं, हे त्यानं स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकलं होतं. न्यायालयानं त्याला १५० युरो दंड केला. नव्या कायद्याखाली शिक्षा झालेला फ्रान्समधला तो पहिला माणूस.

१५० युरोंनी कुणाचं घर बुडत नाही. तरी ही बातमी वाचल्यापासून तो माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्याला चोरी करता येत नाही, ज्यानं चोरी केली नाही आणि जिनं केली ती शेजारी उभी राहून सांगते आहे, त्याला शिक्षा होते. ती देणारा न्यायाधीश कायद्याला धरूनच वागतो आहे. कारण कायद्यानं गुन्ह्याची व्याख्याच अशी केली होती: आपल्या कनेक्शनवर लक्ष न ठेवणं. फ्रेंच कायद्याच्या भाषेत ‘ठळक निष्काळजीपणा’. गाणं कुणी घेतलं हे शोधणं अवघड होतं, म्हणून ज्याच्या नावानं बिल येतं त्याला धरायचं ठरलं.

हे कायदे करणाऱ्यांना खलनायक ठरवून मोकळं होणं मला जमणार नाही. कलावंताच्या कष्टाचे पैसे बुडतात, तेव्हा त्याच्या घरी काय होतं हे मी पाहिलेलं आहे. आणि या बाबतीत फ्रान्सची परंपरा जगात सगळ्यात जुन्या परंपरांपैकी एक आहे. १८४७ साली पॅरिसच्या शाँझेलिझे भागातल्या ‘आंबासादर’ या कॅफेत एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार मित्रांबरोबर बसला होता. तिथं त्याच्याच रचना वाजवल्या जात होत्या आणि त्यासाठी त्याला कुणी एक कवडी दिलेली नव्हती. बिल आलं तेव्हा त्यानं पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझी गाणी फुकट वापरता, तर मीही तुमचं पेय फुकट पितो, असा त्याचा हिशेब. प्रकरण न्यायालयात गेलं आणि बुर्जे जिंकला. त्यातूनच १८५१मध्ये ‘सासेम’ ही संगीतकार, गीतकार आणि प्रकाशकांची संस्था उभी राहिली. ती आजही गाणं वाजलं की त्याचे पैसे गोळा करून ज्याचे त्याला पोचवते. आपल्याकडे नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळतं, त्यामागचा विचार हाच आहे. खेळ झाला, तर लिहिणाऱ्याचा वाटा निघालाच पाहिजे.

बुर्जेनं कॅफेवाल्याला तोंडावर सुनावलं, कारण समोर कॅफे होता, मालक होता, वाजवणारे होते. कोण काय करतोय हे सगळ्यांना दिसत होतं. १९९९मध्ये नॅप्स्टर आलं आणि हे दिसणंच संपलं. त्याच सुमारास जगभरातली ध्वनिमुद्रणाची विक्री शिखरावर होती, तिथून ती वर्षानुवर्षं घसरत गेली. सीडीच्या दुकानांना टाळी लागली. फ्रान्समध्ये पुस्तकं आणि संगीत विकणाऱ्या ‘फनाक’ या दुकानसाखळीचे प्रमुख देनी ओलिवेन यांच्याकडे सरकारनं उपाय सुचवण्याचं काम दिलं. नोव्हेंबर २००७मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या एलिझे प्रासादात चित्रपट-संगीत उद्योग आणि इंटरनेट कंपन्या यांनी करारावर सह्या केल्या. उपाय तीन पायऱ्यांचा होता. आधी ईमेल, मग ईमेलबरोबर रजिस्टर पत्र, आणि तरीही ऐकलं नाही तर इंटरनेट बंद.

या उपायासाठी आलेल्या विधेयकात एक कलम असं होतं, की कनेक्शन बंद असलं तरी ग्राहकानं महिन्याचे पैसे भरतच राहायचे.

आता पकडायचं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. सगळा वाद शेवटी तिथंच येऊन थांबतो. टॉरेंट नावाची पद्धत अशी, की एखादा चित्रपट शेकडो तुकड्यांत विभागलेला असतो. तुम्ही एक तुकडा घेतला की लगेच तुम्ही तो दुसऱ्याला देऊ लागता. म्हणजे घेणारा प्रत्येक जण त्याच क्षणी वाटणाराही होतो. या घोळक्यात कुणालाही शिरता येतं, आणि शिरलं की बाकीच्यांचे आयपी पत्ते, म्हणजे त्यांच्या कनेक्शनला मिळालेले आकडे, दिसतात. फ्रान्समध्ये हे काम नाँत शहरातल्या ‘त्रिदाँ मीडिया गार्ड’ या कंपनीकडे होतं. हक्कधारकांच्या संस्थांसाठी ती घोळक्यात शिरायची, पत्ता आणि वेळ टिपायची, आणि ती नोंद सरकारी प्राधिकरणाकडे जायची. प्राधिकरण इंटरनेट कंपनीला विचारायचं: अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटांनी हा आकडा कुणाकडे होता? कंपनी नाव सांगायची.

इथं दोन सांधे आहेत आणि दोन्ही कच्चे आहेत. पहिला वेळेचा. घरच्या कनेक्शनचा आयपी पत्ता बहुतेक वेळा कायमचा नसतो. आज तुमचा असलेला आकडा उद्या शेजारच्या गल्लीत कुणाकडे तरी असतो. त्यामुळे आकडा बरोबर आणि वेळ चूक असेल, तर नोटीस भलत्याच घरी जाते. आयर्लंडमध्ये नेमकं हेच झालं. तिथं सरकारनं कायदा केला नव्हता. रेकॉर्ड कंपन्यांनी एअरकॉम या सगळ्यात मोठ्या इंटरनेट कंपनीवर खटला भरला, २००९मध्ये तडजोड झाली, आणि कंपनीनं आपणहून तीन इशाऱ्यांची पद्धत स्वीकारली. २०१०च्या हिवाळ्यात युरोपातली घड्याळं नेहमीप्रमाणे एक तास मागे गेली. आपल्याकडे ही पद्धत नाही, पण तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीस सगळा देश काटे फिरवतो. कंपनीच्या एका सर्व्हरचा काटा फिरला नाही. सुमारे ३०० घरांना, ज्यांचा त्या डाउनलोडशी काहीही संबंध नव्हता, पहिल्या इशाऱ्याची पत्रं गेली. पुढं आयर्लंडच्या विदा-संरक्षण आयुक्तांनी चौकशी केली. ती ३०० घरं मला दिसतात. पाकीट फोडून आई-वडील मुलांकडे बघताहेत, मुलं शपथा घेताहेत आणि कुणाचाच कुणावर विश्वास बसत नाहीये. चूक एका तासाची होती.

दुसरा सांधा ओळखीचा. २००८मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल पियाटेक, ताडायोशी कोनो आणि अरविंद कृष्णमूर्ती या तीन संशोधकांनी एक शोधनिबंध लिहिला. टॉरेंटच्या यादीत भलत्याचाच आयपी पत्ता घुसवता येतो का, आणि पाळत ठेवणारे तो तपासून बघतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यांनी विद्यापीठातल्या छपाई यंत्रांचे पत्ते त्या यादीत जातील अशी व्यवस्था केली. काही दिवसांनी हक्कधारकांच्या वतीनं रीतसर तक्रारी आल्या. एका लेझर प्रिंटरनं चित्रपट चोरला आहे, असं त्यात म्हटलेलं होतं. कागदावर अक्षरं उमटवण्यापलीकडे ज्याला काही येत नाही त्या यंत्राविरुद्धची ही तक्रार पाहिली, की ‘पुरावा’ म्हणून जे पुढं येतं त्यात पाहण्याचा भाग किती आणि धरून चालण्याचा किती, हे कळतं. पाळत ठेवणाऱ्यांनी यादी वाचली होती. तुकडा खरोखर कुणी दिला-घेतला का, हे त्यांनी तपासलं नव्हतं.

आणि पत्ता अगदी बरोबर निघाला, वेळही बरोबर निघाली, तरी तो राउटरचा पत्ता असतो. चाळीच्या पत्त्यावर पत्र आलं म्हणून ते कुठल्या खोलीतल्या कुणाचं, हे पोस्टमनला विचारावं लागतं. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी आलेली सहा-सात मुलं एक फ्लॅट घेऊन राहतात. कनेक्शन असतं त्यांच्यातल्या एकाच्या किंवा घरमालकाच्या नावावर. गोव्यात किनाऱ्यालगत घरगुती खोल्या भाड्यानं देणारी कुटुंबं पाहुण्याला किल्लीबरोबर वाय-फायचा पासवर्ड देतात. असं घर फ्रान्समध्ये असतं तर नोटीस घरमालकिणीच्या नावानं आली असती.

फ्रान्समधल्या विरोधकांना हे सगळं दिसत होतं. ‘ला काद्रात्यूर द्यू नेट’ ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना २००८मध्ये सुरू झाली आणि तिनं हे विधेयक ओळ न् ओळ वाचून लोकांपुढं ठेवलं. सांस्कृतिक मंत्री क्रिस्तीन अल्बानेल मात्र मागं हटायला तयार नव्हत्या. त्या काळातला एक प्रसंग विसरता येत नाही. ‘तेएफ्‌-अं’ या दूरचित्रवाहिनीतल्या एका कर्मचाऱ्यानं आपल्या खासदार बाईंना खाजगी ईमेलवरून पत्र लिहिलं, की हा कायदा मला पटत नाही, कृपया विरोध करा. नागरिकानं आपल्या प्रतिनिधीला लिहायचं तसंच पत्र. खासदारांच्या कार्यालयातून ते मंत्रालयात गेलं, मंत्रालयातून वाहिनीकडे, आणि त्या माणसाची नोकरी गेली. गोष्ट बाहेर आल्यावर ते पत्र वाहिनीकडे पाठवणाऱ्या मंत्रालयातल्या सल्लागाराला निलंबित केलं गेलं. पण मत मांडल्याबद्दल नोकरी गेली ती गेलीच.

९ एप्रिल २००९, ईस्टरच्या सुट्टीआधीचा गुरुवार. राष्ट्रीय सभेच्या भव्य सभागृहात मोजकीच डोकी उरली होती. मतदान ही औपचारिकता आहे, असं सत्ताधारी धरून चालले होते. मतदानाच्या क्षणी समाजवादी पक्षाचे काही सदस्य सभागृहाच्या कडेच्या पडद्यांमागून आत आले आणि विधेयक पडलं: विरोधात २१, बाजूनं १५. सरकारनं ते पुन्हा आणलं. १२ मे रोजी राष्ट्रीय सभेत २९६ विरुद्ध २३३ मतांनी ते मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये १८९ विरुद्ध १४. इंटरनेट तोडण्याचा अधिकार एका प्रशासकीय प्राधिकरणाकडे आला. त्याचं लांबलचक फ्रेंच नाव कुणी घेत नसे, आद्याक्षरं जोडून सगळे ‘आदोपी’ म्हणत.

विरोधक, कायदा घटनेला धरून आहे की नाही ते तपासणाऱ्या घटना परिषदेकडे गेले, आणि १० जून २००९ रोजी जो निर्णय आला तो मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. परिषदेनं १७८९ सालची मानवी हक्कांची सनद काढली. तिच्या अकराव्या कलमात विचार आणि मतं यांची मोकळी देवाणघेवाण हा माणसाचा अत्यंत मोलाचा हक्क मानलेला आहे. ही सनद लिहिली गेली तेव्हा पॅरिसमध्ये बातमी घोडागाडीच्या वेगानं जात होती. दोनशे वीस वर्षांनी परिषदेनं म्हटलं, की आजच्या काळात लोकशाहीतला सहभाग आणि विचार मांडणं ज्या प्रकारे इंटरनेटवरून होतं, ते पाहता या हक्कात इंटरनेटपर्यंत पोचण्याचं स्वातंत्र्यही येतं. असं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर ते काम न्यायाधीशाचं, कार्यालयाचं नव्हे. शिवाय याच सनदेचं नववं कलम सांगतं, की दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष. कायद्यानं मात्र ग्राहकावरच स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार टाकला होता. तोडण्याचा अधिकार रद्द झाला.

चोरीला परवानगी द्या, असं परिषदेनं कुठंही म्हटलं नाही. लेखक-संगीतकारांचा हक्क तिनं पूर्ण मान्य केला. तिची मागणी एवढीच होती, की संशय घेणारा आणि शिक्षा देणारा एकच नसावा, आणि मध्ये ऐकून घेणारा कुणीतरी असावा. मला यापेक्षा जास्त काही म्हणायचं नाही. आणि हे ‘एवढंच’ मिळवायलाही लोकांना किती झगडावं लागलं, ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख आहे.

ऑक्टोबर २००९मध्ये सुधारित कायदा आला. आता तोडण्याचा हुकूम न्यायाधीशाचा, पण झटपट पद्धतीनं, बऱ्याचदा आरोपीला न बोलावता देता येणारा. प्रत्यक्ष चोरीसाठी वर्षभरापर्यंत, आणि त्या ‘ठळक निष्काळजीपणा’साठी महिन्यापर्यंत बंदी, शिवाय १,५०० युरोंपर्यंत दंड. त्याच सुमारास, जानेवारी २०१०मध्ये, प्राधिकरणाच्या बोधचिन्हात वापरलेलं अक्षरवळण परवानगीशिवाय घेतल्याचं उघड झालं. ते एका दूरसंचार कंपनीसाठी खास घडवलेलं होतं. चिन्ह करणाऱ्या संस्थेनं माफी मागितली आणि अक्षरं बदलली. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. हक्कभंग अनवधानानं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून, आपल्या नावावर होऊ शकतो, हे त्या कार्यालयानं स्वतः अनुभवलं होतं. हा अनुभव त्यांनी बेलफोरच्या माणसाला लावून पाहायला हवा होता.

ऑक्टोबर २०१०मध्ये पहिल्या ईमेल निघाल्या. ‘फ्री’ या इंटरनेट कंपनीनं आपल्या ग्राहकांना त्या पोचवायला नकार दिला. नावं देऊ, पण तुमचे इशारे आम्ही का वाटायचे, असा तिचा मुद्दा. दोन आठवड्यांत सरकारनं वटहुकूम काढून दंडाची तरतूद केली, तेव्हा ती नमली. पुढं दहा लाखांवर ईमेल गेल्या. २०१२च्या उन्हाळ्यात नव्या सरकारच्या सांस्कृतिक मंत्री ऑरेली फिलिपेती यांनी हिशेब मांडला: वर्षाला १ कोटी २० लाख युरो, ६० माणसं, आणि त्यातून निघालं काय?

इंटरनेट तोडण्याची शिक्षा संपूर्ण फ्रान्समध्ये एकदाच झाली. जून २०१३मध्ये, पॅरिसला लागून असलेल्या माँत्रय इथल्या न्यायालयात. ६०० युरो दंड आणि १५ दिवस इंटरनेट बंद. महिना-सव्वा महिना झाला असेल-नसेल, ९ जुलैच्या राजपत्रात निष्काळजीपणासाठी कनेक्शन तोडण्याची शिक्षाच काढून टाकल्याचा आदेश छापून आला. ते १५ दिवस कधी अंमलात आले नाहीत. एवढा मोठा वाद, दोन कायदे, घटना परिषद, लाखो इशारे, आणि शेवटी एकाही घरातली वायर काढली गेली नाही. प्राधिकरण पुढं चालू राहिलं. २०२०मध्ये दहा वर्षांचा ताळेबंद निघाला तेव्हा सरकारी तिजोरीतून ८ कोटी २० लाख युरो खर्च झाले होते आणि दंडाची वसुली होती ८७ हजार युरो. यातला एकही युरो बुर्जेच्या वारसांपैकी कुणा संगीतकाराला मिळालेला नाही. मला सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं. तेवढ्या पैशांत स्वस्त, कायदेशीर गाण्यांची सोय किती लवकर उभी राहिली असती! लोकांना चोरीपासून जर कशानं दूर नेलं असेल, तर महिन्याला ठरावीक पैशांत हवं ते गाणं ऐकवणाऱ्या सेवांनी. इशाऱ्यांच्या ईमेलपेक्षा त्यांचा हात मोठा आहे, असं माझं मत आहे. २०२२च्या सुरुवातीला आदोपी दृकश्राव्य नियामकात विलीन झाली.

न्यूझीलंडनंही २०११मध्ये तीन नोटिसांचा कायदा केला. सहा महिने इंटरनेट तोडण्याचं कलम त्यात लिहिलं, पण लागू केलं नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली, आणि मला ती अधिक धोक्याची वाटते. तिथं सरकार मधे आलं नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी इंटरनेट कंपनीवरच दावा लावला, की वारंवार चोरी करणारे ग्राहक तुम्ही तोडले नाहीत, म्हणून तुम्हीच जबाबदार. ‘कॉक्स’ ही तिथली मोठी केबल कंपनी. तिच्याकडे तेरा पायऱ्यांची इशारा-पद्धत होती, पण ती ढिली होती. पत्रं जायची, कनेक्शन क्वचितच तुटायचं. खटल्यात एक तुलना पुढं आली. ज्या काळाबद्दल दावा होता त्या दोनेक वर्षांत कंपनीनं चोरीच्या कारणावरून ३२ ग्राहक तोडले आणि बिल न भरल्याबद्दल सहा लाखांवर. कंपनीला कशाची काळजी होती, हे या दोन आकड्यांतून दिसतं आणि तिची वकिली करायची मला इच्छा नाही. डिसेंबर २०१९मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीनं १०,०१७ गाण्यांसाठी शंभर कोटी डॉलरची भरपाई ठरवली. फेब्रुवारी २०२४मध्ये अपील न्यायालयानं जबाबदारीचा एक भाग कायम ठेवला, पण भरपाईचा आकडा रद्द केला. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं.

निकाल कुणाच्या बाजूनं, यापेक्षा मला अशा दाव्यांतल्या दबावाची चिंता वाटते. शंभर कोटींची टांगती तलवार असलेली कंपनी ग्राहकाचं म्हणणं ऐकून घेत बसणार नाही, ती आधी तोडेल. आणि ग्राहक म्हणजे नेहमी एक माणूस नसतो. एखादं हॉटेल असतं, इस्पितळ असतं, विद्यापीठाचं वसतिगृह असतं. एखाद्या छोट्या गावातली स्थानिक कंपनी मोठ्या कंपनीकडून घाऊक कनेक्शन घेऊन अख्ख्या गावाला पुरवत असते. कागदावर तो एक ग्राहक. फ्रान्समध्ये निदान घटना परिषद होती. खाजगी कंपनीच्या तक्रार-कक्षात तुमची बाजू ऐकायला कोण बसलेलं असतं? ज्यानं कधी बंद पडलेल्या इंटरनेटसाठी कस्टमर केअरला फोन लावून, एक दाबा, दोन दाबा करत संध्याकाळ घालवली आहे, त्याला हे सांगायला नको.

भारतानं ग्राहकाला तोडण्याची वाट धरली नाही. आपल्याकडे संकेतस्थळं अडवतात. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी निर्माते अनोळखी चोरांविरुद्ध उच्च न्यायालयात जातात. असा अनोळखी प्रतिवादी आपल्या न्यायालयांत ‘अशोक कुमार’ या नावानं ओळखला जातो. २०१२मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशावरून इंटरनेट कंपन्यांनी अख्खी संकेतस्थळंच बंद केली, त्यात स्वतःचे लघुपट मांडणाऱ्या प्रामाणिक लोकांचीही जागा गेली. नंतर न्यायालयाला सांगावं लागलं, की आदेश नेमक्या दुव्यांपुरता आहे. याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचं काम मला अभिमानास्पद वाटतं. जुलै २०१६मध्ये ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाचे निर्माते दुव्यांची लांबलचक यादी घेऊन आले, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती तपासल्याशिवाय आदेश द्यायला नकार दिला. दुवे पडताळून आल्यावरच ते अडवायला परवानगी मिळाली, आणि ज्याची जागा चुकून अडवली गेली त्यानं दाद कुठं मागायची हे त्या पानावर लिहायला लावलं गेलं. ‘मध्ये ऐकून घेणारा कुणीतरी’ म्हणतात तो हाच. इंटरनेटच्या हक्काबद्दलही आपली न्यायालयं बोलली आहेत. सप्टेंबर २०१९मध्ये केरळ उच्च न्यायालयानं वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात तो शिक्षणाच्या हक्काशी जोडला, आणि जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं इंटरनेटवरून बोलण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण असल्याचं सांगितलं.

पण चोरी आपल्या उंबरठ्यावर आहे, हेही तेवढंच खरं. दिवाळी अंकाची पीडीएफ दिवाळी सरायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. टाळेबंदीच्या काळात मराठी पुस्तकांच्या गठ्ठेच्या गठ्ठे फायली समूहांतून गेल्या आणि प्रकाशक हवालदिल झाले. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी, दिवाळी अंकाचं गणित जाहिराती आणि विक्री यांच्या काठावरचं. तिथं हजार जणांनी फुकट वाचलं, तर पुढच्या वर्षी कुणा चित्रकाराचं, मुद्रितशोधकाचं मानधन कापलं जातं. याचा मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

दोन वर्षांपूर्वी माझा लेख असलेल्या अंकाची अशीच पीडीएफ आमच्या नातेवाइकांच्या समूहात येऊन पडली. पाठवणारा नंबर मावशीचा. मावशी निवृत्त शिक्षिका, जन्मभर मुलांना दुसऱ्याची पेन्सिल घेऊ नये म्हणून शिकवलेली. मी रागाच्या भरात समूहातच चार ओळी लिहिल्या, इतरांनी दोन-चार अंगठे उमटवले. संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिनं सकाळपासून फोन हातात घेतला नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यात थेंब घालून पडून होती. फोन होता नातवाकडे, आणि त्यानं आलेलं पुढं ढकललं होतं. नंबर तिचा होता.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “अरे, ते जाऊ दे. तुझा लेख आलाय हे मला कुणी सांगितलंच नाही. कितव्या पानावर आहे?” मी सांगितलं. “मग अंक पोस्टानं पाठव. डोळा बरा झाला की वाचते. आणि किंमत सांग, पैसे याच्याकडून लगेच पाठवते. याच्या खाऊच्या पैशांतून.” मागून नातवाचा ओरडण्याचा आवाज आला.